गाडी ओढत नाही? आधी साबणाचे पाणी!



आमच्या वस्तीतील एक तरुण कर्जाने घेतलेली टर्बो डिझेल जीप भाड्याने चालवतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून नाशिककडची मंडळी परत नेताना कसारा घाटात त्याच्या गाडीने मान टाकली. चढावर ओढेना, मागे काळा धूर, बॉनेटखाली शीळ घातल्यासारखा आवाज. घाट संपला आणि गाडी पुन्हा शहाणी झाली! गॅरेजवाल्याने बॉनेट उघडताच निकाल दिला, "टर्बो गेला." नवा टर्बो म्हणजे दोन-तीन महिन्यांचे हप्ते. त्या रात्री घरात कुणाला जेवण गेले नाही.

ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नये, ही आपल्या धम्माची शिकवण. मग ती गॅरेजातल्या बोलण्याला का लावू नये? आम्ही त्याला म्हटले, एक दिवस थांब, आधी हवा कुठे गळते ते पाहू.

टर्बोचे काम समजले की निम्मी भीती जाते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. दाबलेली हवा तापते, म्हणून वाटेत इंटरकूलरमध्ये ती थंड होते. या सगळ्या वाटेवर रबरी पाईप आणि क्लिपा असतात. कुठे भेग पडली की हवा निसटते, डिझेल मात्र जास्त पडते. म्हणून काळा धूर, कमी ताकद आणि घटलेला अॅव्हरेज. गळती भरून काढायला टर्बो आणखी जोरात फिरतो, आणि ती तशीच ठेवली तर चांगला टर्बोही लवकर झिजतो.

लबाडी अशी की उभ्या गाडीत दाब जवळजवळ नसतो. भेग मिटून बसते. मेकॅनिक नुसते इंजिन चालू करून ऐकतो आणि त्याला काही सापडत नाही.

म्हणून इंजिन बंद व थंड असताना एअर फिल्टरकडून येणारा पाईप काढून टर्बोच्या तोंडावर घट्ट बसणारी टोपी लावायची. हार्डवेअरच्या दुकानातली पीव्हीसीची टोपी, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा वॉल, आणि रबरी पाईपच्या तुकड्याने जोड. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हळूहळू १० पौंड हवा भरायची, फार तर १५. कॉम्प्रेसरला दाब आवरणारा रेग्युलेटर नसेल तर हा प्रयोग करू नये. टोपीसमोर कुणी उभे राहू नये, ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. पोरांना तर लांबच ठेवा. मग प्रत्येक जोडावर, पाईपच्या खालच्या बाजूला, इंटरकूलरच्या टोकांना साबणाचे पाणी मारायचे. बुडबुडे आले तिथे गळती. जिथे तेलकट धूळ चिकटलेली दिसते तिथे आधी पाहावे. थोडी हवा उघड्या व्हॉल्व्हमधून सायलेन्सरकडे जाते, तिला गळती समजू नये.

आमच्या त्या तरुणाच्या गाडीत इंटरकूलरकडे जाणाऱ्या पाईपच्या पोटाला बोटभर चीर निघाली. वरून पाईप नव्यासारखा!

चिरलेला पाईप बदलावाच. चिकटपट्टी किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी पहिल्या घाटात सुटते. पाण्याचा साधा पाईपही लावू नये, तेलाने तो फुगतो. दाब आणि उष्णता सोसणारा, त्याच मापाचा पाईप घ्यावा. जोडाचे तेल पुसून कोरडे करावे, क्लिप पाईपच्या अगदी काठावर नको, आणि इतकी आवळू नये की रबर कापेल. थोडे दिवस गाडी चालवून क्लिपा पुन्हा तपासाव्यात.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी फिल्टरमध्ये अडकते, त्यामुळे काळा धूर दिसेलच असे नाही. तिथे ताकद घटते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्यांना स्कॅनर लावावाच लागतो, पण साबणाचे पाणी त्यांनाही चालते.

बुडबुडा एकही आला नाही, तर मात्र टर्बोचा दांडा हाताने हलवून पाहावा. चक्राची पाती घराला घासत असतील, तर गॅरेजवाला खरे बोलतो आहे.