रिमोट मेला म्हणून गाडी भंगारात?

वसईतल्या ओळखीच्या एका काकांच्या वाडीत दर नाताळात आगगाडी धावते. नाताळगोठ्याच्या मागून निघते, केळींच्या बुंध्यांमधून वळसा घेते आणि विहिरीच्या कठड्याजवळून परत येते. रुळांमधलं अंतर ४५ मिलिमीटर. इंजिन एलजीबी या जर्मन कंपनीचं, काका बोटीवर होते तेव्हा तिकडून आणलेलं. पोरं येतातच, पण त्यांचे बाप जास्त वेळ थांबतात. मीही त्यातलाच.

मागच्या वेळी पावसाळ्यानंतर गाडी बाहेर काढली तर रिमोट बंद. काकांनी तो एका दुकानात नेला. दुकानदाराने उघडूनही बघितला नाही. ‘जुना झाला काका, पार्ट मिळत नाहीत. नवीन घ्या.’ आता ‘नवीन घ्या’ हे आपल्या कानांना इतकं सवयीचं झालंय की आपण ‘का?’ असं विचारतही नाही.

हा रिमोट अमेरिकेतल्या अ‍ॅरिस्टो-क्राफ्टचा. ‘ट्रेन इंजिनियर’ नावाचा, २७ मेगाहर्ट्झवर चालणारा. त्याचा रिसीव्हर वीजपुरवठा आणि रूळ यांच्यामध्ये बसतो, रिमोटचा हुकूम ऐकतो आणि रुळावरचा व्होल्टेज कमीजास्त करतो. बस, एवढंच. २०१३च्या अखेरीस कंपनी बंद पडली. एलजीबीचंही २००६ मध्ये दिवाळं निघालं होतं, पण पुढच्या वर्षी मार्क्लिनने ती घेतली, म्हणून इंजिनाला आजही वाली आहे. रिमोट मात्र पोरका.

शेवटी नालासोपाऱ्यात टीव्हीचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्या एकाने तो उघडला. आत काय निघालं? सेल तसेच राहून गळलेले, स्प्रिंगांवर हिरवा गंज, एक वायर खाऱ्या दमट हवेने खाल्लेली. रिसीव्हरमधले दोन कपॅसिटर फुगलेले. स्प्रिंगा घासल्या, स्पिरिटने पुसल्या, वायर नव्याने डाखली, कपॅसिटर बदलले. सगळे पार्ट मिळून दोन-चार वडापावांच्या पैशांत. मग रिसीव्हरवरचं बटण दाबून रिमोटशी पुन्हा ओळख करून दिली आणि गाडी हलली. विहिरीपलीकडे गेली की ती हुकूम ऐकेना, तेव्हा कळलं की रिसीव्हरची एरियलची वायर कुणीतरी नीटनेटकी दिसावी म्हणून गुंडाळून ठेवली होती. सरळ सोडली, आणि मोटरच्या ठिणग्यांचा खरखराट दाबायला ब्रशांवर एक छोटा सिरॅमिक कपॅसिटर लावला. संपलं.

काकांचा कॅनडातला भाचा म्हणत होता, नवीन सिस्टीम पाठवतो. हेतू चांगला, पण तिकडच्या बागेतल्या गाड्यांच्या काही सिस्टीम ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. तिकडे ९०२ ते ९२८ हा पट्टा अशा वस्तूंना मोकळा आहे. आपल्याकडे त्याच परिसरात मोबाईल कंपन्यांचं नेटवर्क. म्हणजे ते यंत्र इथे लावणं बेकायदा. शिवाय बिनतारी वस्तू बाहेरून आणायची तर सरकारी मान्यतेचे कागद वेगळे. २.४ गिगाहर्ट्झचं चालेल, तो पट्टा आपल्याकडे २००५ पासून परवान्याविना खुला आहे. पण त्याची लहर साडेबारा सेंटिमीटरची, आणि पावसाने भिजलेली केळीची पानं ती बऱ्यापैकी गिळतात. २७ मेगाहर्ट्झची लहर अकरा मीटरची, ती पानापाल्याला एवढी जुमानत नाही. आणि या पट्ट्यातला ठरावीक भाग कमी ताकदीच्या यंत्रांना इथेही परवान्याविना मोकळा आहे. जुनं ते सगळंच सोनं असं मी म्हणत नाही. पण या वाडीपुरता जुना रिमोट नव्यापेक्षा कमी नाही.

‘खेळण्याचं काय घेऊन बसलात?’ असं कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच. बरं, खेळणं सोडा. वाडीतल्या विहिरीवरच्या मोटरला मोबाईल स्टार्टर आहे ना? घरी बसून मिस्ड कॉल दिला की पंप चालू. असे कितीतरी स्टार्टर टूजी सिमवर चालतात. टूजी बंद झालं की पंप धडधाकट, स्टार्टर धडधाकट, आणि दोघांमधला संवाद मेलेला. तेव्हाही दुकानदार हेच सांगणार.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राईट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं घेतली. कल्पना उत्तम, मी तेव्हा कौतुकही केलं होतं. पण त्यात कंपन्यांनी स्वतःहून माहिती द्यायची आहे. कंपनीच बुडाली तर माहिती कोण देणार? खेळण्यांना २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तोही सुरक्षिततेसाठी. वस्तू दुरुस्त होईल की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. माझं म्हणणं साधं आहे. बिनतारी यंत्रणा विकणाऱ्याने सर्किटचा नकाशा, फ्रिक्वेन्सी आणि रिमोट-रिसीव्हर जुळवायची रीत विकतानाच द्यावी. पूर्वी रेडिओच्या झाकणाच्या आत नकाशा चिकटवलेला असायचा, आठवतं? आणि आपल्या महापालिकेने बागेसाठी रिमोटवर चालणारं काहीही घेताना टेंडरमध्ये ही अट घालावी. यात पालिकेचा खर्च कागदाचा.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी छंदातून उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुलं. पोरांना घेऊन जरूर जा. गाड्या बघाच, पण सिग्नल आणि गाड्या जिथून चालवतात तिकडेही नजर टाका. हे सगळं माणसांनी हाताने जोडलेलं आहे, म्हणून उघडताही येतं.

आता कामाचं. काकांना सुट्ट्या भागांसाठी असाच आणखी एक ट्रेन इंजिनियर हवाय. कुणाच्या माळ्यावर, बोटीवरून आणलेल्या पेटीत पडला असेल तर इनबॉक्स करा. बंद असला तरी चालेल. फक्त त्यातले सेल आजच काढून ठेवा.