कार्बोरेटर कोणी संपवला?

चोक ओढून, दोन-चार किका मारून, धडधडत जागी होणारी स्कूटर ज्यांनी चालवली, त्यांची बहुधा ही शेवटची पिढी. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ मानके लागू झाली आणि नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर जवळजवळ नाहीसा झाला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. सरस तंत्र आले म्हणून जुने मागे पडले, असा या बदलाविषयीचा सर्वसाधारण समज आहे. इतिहास वेगळे सांगतो. इंजेक्शनचे तंत्र कार्बोरेटरच्या शेजारी कित्येक दशके उभे होते. कार्बोरेटरला घालवले ते कायद्याने, आणि तेही मोटार-कारखानदारांचा कडवा विरोध मोडून.

या कथेची सुरुवात धुरक्यात होते.

लॉस एंजेलिस, जुलै १९४३. महायुद्ध ऐन भरात. अशात भरदिवसा शहरावर धुरके उतरले. डोळ्यांतून पाणी वाहू लागले, घसे खवखवू लागले. जपानने विषारी वायू सोडला की काय, अशी धास्ती काहींनी घेतली. नंतर संशय कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाईन बनवणाऱ्या एका कारखान्यावर गेला. तिथे उपाय झाले, धुरके मात्र पुन्हा पुन्हा येतच राहिले.

कोडे उलगडले ते अननसाच्या सुगंधाचा अभ्यास करणाऱ्या एका माणसाने. हॉलंडमध्ये जन्मलेले आरी हागेन-स्मिट हे कॅलटेकमधील रसायनशास्त्रज्ञ. १९५० च्या सुमारास त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले की, पेट्रोलमधून सुटणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो. ओझोनने रबराला तडे जातात, म्हणून त्या तड्यांवरूनच त्यांनी हवेची परीक्षा केली. गुन्हेगार कारखान्याच्या धुरांड्यापुरता नव्हता. तो घराघरांपुढे उभा होता. तेलउद्योगाच्या पैशावर चाललेल्या संशोधनाने हा निष्कर्ष खोडण्याची बरीच खटपट केली, पण तो टिकला.

यापुढचे प्रकरण तरुण वाचकांनी अधिक लक्षपूर्वक वाचावे असे आहे. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याने देशातील बड्या मोटार-कंपन्यांवर खटला भरला. आरोप असा की, धूर आटोक्यात आणणारी उपकरणे लवकर बाजारात येऊ नयेत म्हणून या कंपन्यांनी आपापसांत संगनमत केले. त्याच वर्षी तडजोड होऊन प्रकरण मिटले. कंपन्यांनी गुन्हा कबूल केला नाही, असले वर्तन पुढे न करण्याचे बंधन मात्र स्वीकारले. जे उद्योग एरवी स्पर्धेच्या नावाने शपथा घेतात, ते या एका बाबतीत स्पर्धाच होऊ नये म्हणून एकत्र आले, हा आरोप ज्या काळात झाला तो काळ ‘नवनिर्मितीचा’ म्हणून गौरवला जातो.

३१ डिसेंबर १९७० रोजी निक्सन यांनी स्वच्छ हवेच्या कायद्यातील दुरुस्तीवर सही केली. सिनेटर एडमंड मस्की हे तिचे मुख्य शिल्पकार. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन १९७५ पर्यंत, तर नायट्रोजनची ऑक्साइडे १९७६ पर्यंत नव्वद टक्क्यांनी घटवा, असा तो आदेश होता. हे साधणारे तंत्र तेव्हा कोणाच्याही कारखान्यात तयार नव्हते. कायद्याने उपाय सांगितला नाही. फक्त आकडा सांगितला. या कायद्याचे खरे सामर्थ्य इथे होते.

डेट्रॉइटने हे अशक्य असल्याचे सांगितले आणि मुदतवाढही मिळवली. त्याच सुमारास होंडाने मुख्य ज्वलनकक्षाला लहानसा पूर्वकक्ष जोडलेले सीव्हीसीसी इंजिन पुढे आणले आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर न लावता १९७५ ची मर्यादा गाठून दाखवली. मोठ्या गाड्यांना हे जमायचे नाही, असा आक्षेप आल्यावर होंडाने एक भलीमोठी शेवरोले इम्पाला विकत घेतली, तिच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनावर तेच तंत्र बसवले आणि तीही कसोटीला उतरवली. न्यायाने हेही म्हटले पाहिजे की, कंपन्यांची तक्रार निव्वळ कांगावा नव्हती. सत्तरीच्या दशकातील कित्येक अमेरिकन गाड्यांची ताकद घटली, चालवताना त्या अडखळत.

अडचण मुळात रसायनाची होती. मिश्रणात पेट्रोल जास्त झाले की कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन वाढतात. ते किंचित कमी करावे, तर तप्त ज्वलनात नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. पहिल्या दोघांना जाळायला ऑक्सिजन हवा, तिसऱ्याचे विघटन व्हायला तो नसलेला बरा. तिन्ही कामे एकत्र करणारा तिहेरी कन्व्हर्टर एकाच अरुंद पट्ट्यात नीट काम करतो: वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा. हवेच्या ओढीवर पेट्रोल खेचणाऱ्या कार्बोरेटरकडून, थंडीत, उन्हात, घाटात, सिग्नलवर, हे प्रमाण सतत राखले जाणे शक्य नव्हते.

उत्तर सापडले धुराच्या वाटेवरच. झिर्कोनियाचा एक सेन्सर एका बाजूने धूर आणि दुसऱ्या बाजूने बाहेरची हवा यांतील ऑक्सिजनची तुलना करतो आणि त्यानुसार विजेचा दाब बदलतो. तो पाहून नियंत्रक क्षणाक्षणाला पेट्रोल कमी-जास्त करतो. बॉशचा हा सेन्सर कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या १९७७ च्या व्होल्वो गाड्यांत प्रथम आला. इंजेक्शन मात्र मर्सिडीजच्या ३०० एसएलमध्ये १९५४ लाच होते. तिथे ते वेगासाठी होते. सामान्य माणसाच्या गाडीत त्याला आणले ते धुराच्या आकड्याने.

भारतात हा आकडा उशिरा पोचला, आणि पोचला तो बहुतांशी न्यायालयाच्या दारातून. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसे कन्व्हर्टरला निकामी करते, म्हणून शिसेविरहित पेट्रोलही आले, आणि २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. मार्च २०१७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने बीएस-३ गाड्यांची विक्री १ एप्रिलपासून थांबवली, तेव्हा उरलेल्या दोन दिवसांत दुचाकींवर अशा सवलती लागल्या की दुकानांपुढे रांगा लागल्या. मुदत वर्षानुवर्षे माहीत होती. माल तरीही साचलेलाच होता.

आकड्याचा कायदा तरीही भोळा असतो. तो मोजतो तेवढेच त्याला दिसते. सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झाले की, फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतील संगणक आपली परीक्षा चालू असल्याचे ओळखत आणि तेवढ्यापुरते शुद्ध होत. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या. जो नियंत्रक धूर स्वच्छ करण्यासाठी गाडीत शिरला, त्यालाच खोटे बोलायला शिकवले गेले. पुण्याच्या एआरएआयने या कंपनीच्या गाड्या रस्त्यावर चालवून तपासल्या तेव्हा प्रयोगशाळेतले आणि रस्त्यावरचे आकडे जुळले नाहीत. कंपनीने भारतातही तीन लाखांवर गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा सुरू झाला. तेव्हापासून मोटारीच्या मागे मोजयंत्र जोडून तिची परीक्षा प्रत्यक्ष रस्त्यावरही घेतली जाते.