पाच लिटरचा घोडा आणि रोजचा रस्ता

गेल्या महिन्यात आमच्या कोर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस लढाई चालली. कारण अगदी साधं. आमचा एक स्क्वाड्रनमेट मुदतपूर्व निवृत्ती घेऊन पुण्यात स्थायिक झालाय. बाणेरला घर, हिंजवडीत ऑफिस, मुलगी शिकायला बाहेर. पैसे हातात आले आहेत आणि केस गेले आहेत, अशा वयात माणसाला जे होतं ते त्याला झालं. त्याने विचारलं, "रोज ऑफिसला जायला गाडी घ्यायची आहे. कुणीतरी विकायला काढलेली मस्टँग जीटी मिळतेय, भाव जवळजवळ नव्या गोल्फ जीटीआयइतकाच. काय घेऊ?"

मतदान झालं ते बरंचसं आर्म आणि सर्व्हिसनुसार. आर्मर्डवाले एकजात मस्टँगच्या बाजूने. ज्यांनी उमेदीची वर्षं टी-७२ च्या व्ही-१२ डिझेलवर काढली, त्यांना आठ सिलिंडर म्हणजे संयमच वाटतो. इंजिनिअर्सनी सोसायटीच्या रॅम्पचा उतार विचारला. इन्फन्ट्रीने ॲव्हरेज विचारलं. एएससीवाल्याने "वहिनींना विचारलंस का?" एवढंच लिहिलं आणि तो गप्प बसला. मी तेव्हा काही बोललो नाही. ग्रुपवर टाइप करून मावणार नाही इतकं म्हणायचं होतं, म्हणून इथे लिहितोय.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मसल कार ही अमेरिकन कल्पना: मध्यम आकाराची साधी गाडी घ्यायची आणि तिच्या पुढ्यात मोठ्या गाडीचं अवाढव्य व्ही-८ इंजिन कोंबायचं. १९६४ ची पॉन्टिॲक जीटीओ हे तिचं ठरलेलं उदाहरण, ६.४ लिटरची. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेली मस्टँग ही काटेकोर बोलायचं तर 'पोनी कार', पण पाच लिटरचं इंजिन असलेल्या गाडीला पोनी म्हणायला जीभ रेटत नाही. हॉट हॅचबॅकचा प्रवास उलटा. १९७६ च्या गोल्फ जीटीआयमध्ये १.६ लिटरचं ११० पीएसचं इंजिन होतं आणि गाडीचं वजन आठशे किलोच्या आसपास. भाजी आणायची गाडी, तिच्यात थोडी मिरची जास्त. इतकंच.

मस्टँग आपल्याकडे अधिकृतपणे आली २०१६ मध्ये, उजव्या बाजूला स्टिअरिंग घेऊन, ६५ लाखांना. सुमारे ४०० पीएस, ५१५ न्यूटन-मीटर. पोलो जीटीआय त्याच वर्षी आली: १.८ लिटर, १९२ पीएस, तीन दरवाजे आणि किंमत पंचवीस लाखांच्या पुढे. तीन दरवाजांच्या पोलोला तेवढे पैसे मोजायला आपल्याकडे फारसं कुणी तयार नव्हतं. यात ग्राहकाचा दोष नाही. आपल्या करपद्धतीत चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी 'छोटी' धरतात, त्या रेषेपलीकडे कर एकदम चढतो. म्हणून आपल्याकडची खमंग हॅचबॅक म्हणजे एक लिटरचा टर्बो: आय-२० एन लाइन, अल्ट्रोझ रेसर म्हणा तर १.२, पूर्वीची पोलो जीटी. मधे २०१५ मध्ये अबार्थ पुंटो दहा लाखांच्या आत १४५ अश्वशक्ती देऊन गेली, तीही थोडेच दिवस. खरी गोल्फ जीटीआय यायला २०२५ चा मे उजाडला. जर्मनीहून आयात, २६५ पीएस, किंमत ५२.९९ लाख. पहिला लॉट १५० गाड्यांचा, तो बघता बघता संपला.

आता बाणेर ते हिंजवडी. हे अंतर किलोमीटरमध्ये सांगायचं नसतं, मिनिटांत सांगायचं असतं, आणि मिनिटंही वाराप्रमाणे बदलतात. त्या रांगेत मस्टँग ४.७८ मीटर लांब आणि आरसे धरले तर दोन मीटरहून रुंद. शेजारून रिक्षा, त्याच्या शेजारून दुचाकी, आणि दोघांनाही फोटो हवाय. जमिनीपासूनची उंची मात्र माझ्या मित्राला वाटते तसा फरक करत नाही. दोन्ही गाड्यांचं पोट जमिनीपासून चौदा सेंटिमीटरच्या आतच आहे. पण मस्टँगचं नाक लांब आणि चाकांमधलं अंतर जास्त. म्हणजे रॅम्पवर आधी नाक घासणार, गतिरोधकावर पोट. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. तसा गतिरोधक मी पाहिलाय, कँटोन्मेंटमध्ये. बाहेर जे असतात ते रात्रीतून कुणीतरी रागाने बांधलेले असतात.

पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे, कारण आर्मर्डवाल्यांचा हा मुद्दा खरा आहे. तुंबलेल्या रस्त्यावर मोठं व्ही-८ फार समजूतदार असतं. ते हजार फेऱ्यांवर पेंगत चालतं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, पायाला काम नाही. उलट हॉट हॅचचं सस्पेन्शन कडक, टायरच्या कडा पातळ, खड्डा थेट कमरेपर्यंत पोचतो. चाळिशीनंतर आपल्यातल्या निम्म्यांच्या मेडिकल कॅटेगरीत पाठीचा मणका कुठेतरी बसलेला असतोच. त्यांनी कडक सस्पेन्शनचं कौतुक करताना आधी स्वतःचा एमआरआय पाहावा.

माझा स्वतःचा पक्ष पोस्टिंग्जमुळे ठरला. मी दहा-अकरा वर्षं पोलो जीटी वापरली, १.२ टर्बोवाली, १०५ पीएस. ती राजस्थानच्या वाळूत चालली, आसामच्या पावसात चालली, आणि एकदा उन्हाळ्यात तिला श्रीनगरहून झोजी ला, फोटू ला करत लेहला नेली. फोटू ला ४१०८ मीटरवर आहे. तिथे हवा इतकी विरळ की टर्बो नसलेलं इंजिन आपल्या ताकदीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त खाली ठेवूनच चढतं. टर्बो स्वतःच हवा दाबून भरतो, त्यामुळे माझी छोटी गाडी वर थोडी मंदावली पण धापा टाकत नव्हती. आता हिशेब प्रामाणिक करायचा तर चारशेतले दीडशे गेले तरी मस्टँगकडे माझ्या दुपटीहून जास्त उरतात. उरोत. त्या वळणांवर समोरून आपलाच ट्रकांचा ताफा येतो तेव्हा ताकद नाही, रुंदी मोजली जाते. गाडी कडेच्या दगडांत नेऊन उभी करता आली पाहिजे. जिप्सीवर सगळ्या फौजेचा जीव का होता? १३०० सीसी, ८० अश्वशक्ती, आवाज डब्यात खडे भरल्यासारखा. पण ती कुठेही मावायची आणि कुठूनही परत फिरायची. माझ्या मते भारतातली खरी हॉट हॅच जिप्सीच होती, फक्त तिला कुणी लाल शिलाईच्या सीट दिल्या नाहीत.

बदली हाही मुद्दा आहे. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहिली की नोंदणी बदला, त्यासाठी ना-हरकत आणा, तिथला कर भरा, आधीच्या राज्याकडून परतावा मागा. एका राज्याकडचा माझा परतावा अजून यायचाय, गाडी विकून झाली. २०२१ पासून बीएच मालिका आली, दोन दोन वर्षांचा कर भरायचा, हा आपल्यासारख्यांना मोठा दिलासा. पण तोही गाडीच्या किमतीच्या टक्क्यांत, आणि वीस लाखांच्या वर टक्का सगळ्यात जास्त. शिवाय फोर्डने इथलं उत्पादन थांबवायचं २०२१ मध्येच जाहीर केलं. सुटे भाग मिळतात म्हणतात, पण मस्टँगचा पुढचा दिवा फुटला तर तो समुद्र ओलांडून येणार. रोजच्या गाडीला असं उभं राहणं परवडत नाही.

इथपर्यंत सगळं गंमतीचं. आता जे ग्रुपवर लिहिणं जमलं नाही ते.

आम्ही कॅप्टन होतो तेव्हा आमचा एक कोर्समेट रजेवर घरी जाताना गेला. खडकवासल्याला मी तीन वर्षं त्याच्या सायकलच्या मागे सायकल चालवली होती. त्याने नवी गाडी घेतली होती, आमच्या सगळ्यांच्या गाड्यांपेक्षा वेगवान, आणि त्याचा त्याला रास्त अभिमान होता. दिवसभर ड्युटी करून संध्याकाळी निघाला. तेराशे किलोमीटर, एका दमात, कारण रजेचा एक दिवस वाचतो. पहाटे उभ्या ट्रकवर गेला. गाडी कुठली होती याला काही अर्थ नाही, म्हणून सांगत नाही. त्याच्या आईने मला विचारलं होतं, "गाडी चांगली होती ना रे?" मी हो म्हणालो. गाडी चांगलीच होती.

परिवहन मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. दहातल्या सातांच्या बाबतीत कारण लिहिलंय अतिवेग. झोप हे कारण अशा तक्त्यात फारसं दिसत नाही, कारण झोपलेला माणूस जबाब द्यायला उरत नाही.

म्हणून रोजच्या गाडीबद्दल माझा प्रश्न एकच असतो: हिची मजा कितीला सुरू होते? काही गाड्या ताशी साठला हसतात, काहींना एकशेसाठ लागतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मर्यादा १०० आहे. पाच लिटरच्या इंजिनाला शंभर म्हणजे जांभई. ते पुढे काय करू शकतं हे पायाखाली सतत जाणवत राहतं, आणि रात्री दोन वाजता, रस्ता रिकामा असताना, ते जाणवणं वाढतं. मला माझ्यावर तेवढा भरवसा नाही. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर मला दुसऱ्यांवरही तेवढा भरवसा राहिलेला नाही.

त्यातून मस्टँग मागच्या चाकांवर चालते. ताम्हिणीत जुलैमध्ये वळणावर शेवाळ आणि चिखल असताना पाय जरा जास्त पडला तर गाडीची शेपटी पुढे यायला बघते. इलेक्ट्रॉनिक्स सावरतं, बहुतेक वेळा. पुढच्या चाकांवर चालणारी हॅच चुकली तर नाक बाहेर जातं, पाय उचलला की परत येतं. ही चूक माणसाला कळते आणि माफही होते. सुरक्षिततेचं म्हणाल तर युरो एनकॅपने २०१७ च्या जानेवारीत या मस्टँगला दोन तारे दिले, मग सुधारणा केल्यावर तीन. आपल्या पोलोला ग्लोबल एनकॅपने २०१४ मध्ये एअरबॅगशिवाय शून्य दिले होते आणि दोन एअरबॅगसह चार. पैशाने सुरक्षितता आपोआप वाढते असं नाही.

हे सगळं मी मित्राला फोनवर सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "तुझी गोल्फसुद्धा सहा सेकंदांत शंभर गाठते. मग तीही नको?"

बरोबर आहे. खरं सांगायचं तर रोजच्यासाठी मला तीही जास्त वाटते. दोघींतून निवडायची झाली तर गोल्फ, डोळे मिटून: चार दरवाजे, मागे आई-वडील बसू शकतात, डिकीत तांदळाचं पोतं मावतं, घाटात बारीक वळणं घेताना हातात खेळते. पण माझ्या हिशेबाने १२० पीएसची, दहा-बारा लाखांची टर्बो हॅच आपल्या रस्त्यांना पुरून उरते. उरलेले चाळीस लाख कुठे ठेवायचे ते एएससीवाला सांगेल.

"आणि आवाज?" त्याने विचारलं. "सकाळी बटण दाबल्यावर जो आवाज येतो, तो?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. तो आवाज मीही ऐकलाय, दिल्लीत एका ओळखीच्याच्या गाडीत, आणि दोन दिवस डोक्यातून गेला नव्हता. म्हटलं, रविवारी पहाटे लोणावळ्याला जायला कुणाची तरी भाड्याने घे. तो हसला. अजून ठरवलेलं नाही. वहिनींना विचारलेलं नाही, हे मात्र कळलं.

परवा माझ्याच युनिटमधला एक कॅप्टन ऑफिसमध्ये आला. जुनी आय-२० एन लाइन घेतलीय, एका हातावरची. "सर, एकदा बघता का?" बाहेर आलो. गाडी पुसून चकचकीत केलेली. मी बॉनेटकडे न जाता खाली बसून टायर बघितले. बाजूवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. मागचे दोन्ही सहा वर्षांपूर्वीचे, कडेला बारीक भेगा. एमटी जेसीओ साहेबांनी मागून बघितलं आणि मान हलवली.

"रजा कधीपासून?"

"शुक्रवारी संध्याकाळी निघतो सर. रात्रभर चालवली की शनिवारी दुपारी जेवायला सांगलीत."

मी त्याची रजा शनिवारी सकाळी सहापासून केली आणि परतीचा एक दिवस वाढवून दिला. क्वार्टर गार्डला सांगितलं, शुक्रवारी अंधार पडल्यावर ही गाडी गेटबाहेर जाणार नाही. तो थोडा हिरमुसला. टायर त्याने त्याच दिवशी बदलले.