पाटीखालचा माणूस

२०२३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारने नऊ संस्थांमार्फत कंत्राटी नोकरभरतीचा निर्णय काढला, आणि ओरड होताच ऑक्टोबरात मागे घेतला. २०२४ साली कर्नाटकाने दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड सक्तीचे केले. आम्हां बेळगाव-निपाणीकडील मंडळींत पाट्यांची चर्चा फार झाली. कंत्राटाची झालीच नाही. मला मात्र दोन्ही बातम्यांनी एकाच माणसाची आठवण करून दिली. कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयातला शिपाई.

निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर. १९५६ साली सरहद्द बदलली, पण आजाऱ्याला सीपीआरला न्यायचा आमचा शिरस्ता काही बदलला नाही. मुलांना वॉर्डात मज्जाव. मग समोरच्या टाउन हॉलच्या बागेत आमची रवानगी होई, आणि ऊन चढले की आत संग्रहालयात.

तिथे किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावलेले ते मामा असत. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झाले. तिथे सापडलेली रोमन समुद्रदेवाची, पोसायडनची, वीतभर कांस्यमूर्ती ते आम्हांला दाखवीत. हा देव पोहत पंचगंगेपर्यंत आला, असेही खुशाल ठोकून देत! रोमशी चाललेला व्यापार मला पुढे पुस्तकांतून कळला. पण आबालाल रहिमानांच्या चित्रापुढे कसे उभे राहावे, हे कुठल्याच पुस्तकात मिळाले नाही. "मागं सर. आणखी मागं. आता बघ," असे ते म्हणत, आणि मघाचे रंगाचे ठिपके एकदम पाणी होऊन जात. चिकोडीकडची माणसे आली की हेच सारे अस्खलित कन्नडमध्ये होई. कारकून नोंदवहीतून मान वर करून हसे, एवढेच.

गाणे शिकवणाऱ्याला यात नवल वाटू नये. बंदिशीचे स्वरलेखन छापता येते. कोणत्या स्वरावर किती रेंगाळायचे, ते समोर बसलेला माणूस सांगतो. वस्तूखालची पाटी हे स्वरलेखनच. ती मराठीत असावी की कन्नडमध्ये, यावर दोन्ही राज्ये भांडतील. पण पाटीखाली उभा राहणारा माणूस ठेकेदाराच्या यादीतून यायचा आणि मुदत संपताच जायचा, ही रीत दोन्हीकडे सारखीच रुजत आहे. एक निर्णय रद्द झाल्याने ती थांबलेली नाही. मूर्ती राखायला पहारेकरी पुरतो, हे खरे. मात्र चित्रापासून किती पावले मागे जायचे, हे ठाऊक व्हायला त्याच दालनात वर्षे काढावी लागतात. ती नोकरी कोणाला मिळणार?

एकदा चिकोडीकडच्या एका म्हातारबाईंनी त्या समुद्रदेवाला हात जोडले आणि कनवटीची कुंकवाची डबी काढली. मामांनी हात जोडू दिले. काचेला कुंकू तेवढे लावू नका, आज्जी, असे हळूच कन्नडमध्ये सांगितले.