पाडव्याची ओवाळणी

रविवारी मोटारसायकल काढावी, नागपूर रस्त्याने कळंब गाठावे, पायऱ्या उतरून चिंतामणीचे दर्शन घ्यावे, हा आम्हां यवतमाळकरांचा आवडता बेत. वाटेत मात्र एक गंमत दिसते. यजमानांच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागे बसलेल्या सौभाग्यवतींच्या डोक्यावर नुसता पदर! १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम दोन्ही डोकी सारखीच मानते. गाडी घसरली तर रस्ताही पुढचा-मागचा असा भेद करीत नाही. उलट एका अंगाने बसणारीला आधार कमीच. आमच्या घरी हेल्मेटे दोन आहेत. ‘‘अंबाडा मोडतो हो!’’ ही कुरकुरते. अंबाडा पुन्हा घालता येतो, हे माझे उत्तर. वाचकहो, यंदा पाडव्याला ओवाळणीत साडीबरोबर हेल्मेटही द्या!