कॅल्सी आणि करणी

मी मराठी विभागात लिहिणार म्हटल्यावर रूममेट्स पोट धरून हसल्या. हसू देत! कॉन्व्हेंटमध्ये शिकलेय, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक बघून घेतील.

झालं असं, आमच्या मेसच्या मावशींचा मुलगा नववीत आहे, मराठी मीडियमला. एका रविवारी वही घेऊन आला. "ताई, √७२० ही करणी सोपी करून द्या ना." करणी? मला वाटलं, कुणी लिंबू-मिरची टाकली की काय! मग कळलं, करणी म्हणजे आमचं सर्ड. मी कॅल्सी काढला आणि ऐटीत सांगितलं, २६.८३.

"ते नको ताई, बाई मार्क देत नाहीत."

थर्ड इयरची ताई गप्प! शेवटी त्यानंच ७२० ला ४ ने भागलं, १८०. परत ४ ने, ४५. मग ९ ने, उरले ५. बाहेर काढलेले ४, ४, ९ गुणले की १४४, म्हणजे १२ चा वर्ग. उत्तर १२√५.

माझं स्पष्ट मत आहे की २६.८३ हा उत्तराचा झेरॉक्स आहे. त्याचा वर्ग करा, ७१९.८५ येतो. १२√५ चा वर्ग बरोबर ७२०. आपण मात्र तो झेरॉक्स पुढच्या पाच स्टेप्समध्ये वापरतो, आणि शेवटी उत्तर जुळलं नाही की पुस्तकाला नावं ठेवतो.

त्या रात्री मी चिडून १००८२ घेतला. निम्मे ५०४१. आता कुठपर्यंत भागत बसायचं? गंमत अशी की १७ पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात. त्यातल्या एकीनंही भाग जात नाही. आत तीन मूळ अवयव असते तर प्रत्येक किमान १९ चा, आणि १९ चा घनच ६८५९! म्हणजे फार तर दोन. मग प्रश्न एवढाच, ५०४१ स्वतः पूर्ण वर्ग आहे का? आहे, ७१ चा. म्हणून √१००८२ = ७१√२. हे कागदावर जमलं तेव्हा मी खरंच ओरडले, शेजारची रूम उठली. (सॉरी!)

शेकडो अंकी संख्येत असा वर्ग लपलाय का, हे झटपट सांगणारी रीत आपल्या नेहमीच्या कॉम्प्युटरसाठी अजून कुणाला सापडलेली नाही. मग हा विषय शाळकरी कसा?

म्हणून सरांना विनंती, फर्स्ट इयरच्या मॅथ्सच्या एका तरी टेस्टला कॅल्सी वर्गाबाहेर ठेवायला लावा. ज्युनियर्स मला शिव्या घालतील, घालू देत. मावशींचा मुलगा पुढच्या रविवारी परत येणार आहे, तोवर मला २५ पर्यंतचे वर्ग पाठ करायचेत.