ड्राय डेला दारू मिळाली नाही की काहींना फिट का येते? आणि फिटची नेहमीची गोळी इथे का चालत नाही?

७ मे २०२४ ला लोकसभेचं आणि २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं. दोन्ही वेळी बारामती आणि इंदापुरात मतदान संपण्याआधीचे ४८ तास दारूविक्री बंद होती. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधला हा नियम देशभर लागू आहे.

बहुतेकांसाठी हा नुसता ड्राय डे. पण वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यासाठी हेच तास धोक्याचे ठरू शकतात. दारू अचानक थांबली, तर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते.

असं का होतं?

दारू मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा परिणाम वाढवते. रोजच्या दारूला तोंड देण्यासाठी मेंदू आपली उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू एकदम बंद झाली की ब्रेक सुटतो, उत्तेजना मात्र तशीच राहते. मग हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते आणि काहींना फिट येते. दोन-तीन दिवसांनी भ्रम, भास सुरू झाले तर जीवही जाऊ शकतो.

मग फिटची गोळी का नको?

घरात कुणाची तरी फेनिटॉइनची गोळी असते, तीच दिली जाते. पण दारू सुटल्याने येणारी फिट फेनिटॉइनने टळत नाही, असं चाचण्यांमध्ये दिसलं आहे. कारण ती गाबाची उणीव भरून काढत नाही.

लॉराझेपाम, डायझेपाम ही औषधं नेमकं तेच काम करतात. १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दारूमुळे एक फिट येऊन गेलेल्या रुग्णांना लॉराझेपाम दिल्यावर ३ टक्के जणांनाच पुन्हा फिट आली. ते न मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण २४ टक्के होतं. मात्र या गोळ्यांचीही सवय लागते आणि दारूसोबत घेतल्या तर श्वास मंदावतो. म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या. ज्यांना आधीपासून अपस्मार आहे, त्यांनी आपल्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

फिट आली तर?

रुग्णाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय. दारू किती आणि शेवटची कधी घेतली, हे डॉक्टरांना खरं सांगा. लाजेपोटी लपवलं, तर उपचार चुकू शकतो.

मतदानाची तारीख काही आठवडे आधीच कळते. दारू सोडायची असेल तर तेवढ्या वेळात डॉक्टरांना गाठता येतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. दारू सोडायलाच हवी, पण रोज भरपूर पिणाऱ्याने ती औषधाच्या आधाराने सोडावी.